माझ्या आईचं सोंग

"पेन्सिल दातात आडवी धरा, बाई. आणि म्हणा, पाणी."

मी वर्गासमोर उभी होते. खुर्च्यांवर बाकीचे बसलेले. रिटायर झालेले इंजिनिअर, बँकेतले दोन साहेब, डॉक्टरांच्या बायका. माझं वय चाळिशी ओलांडलेलं. अंगाला फोडणीचा वास, कारण शेंद्र्याच्या कंपनीत कॅन्टीनचं काम उरकून मी बसनं तशीच आले होते.

मी म्हणाले, "पानी."

"पाणी. जीभ वर टाळूला लावा. बाणातला ण."

"पानी."

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. दुष्टपणानं नाही हसले. लहान पोर बोबडं बोललं की हसतात तसे हसले. तेच जास्त लागलं. पेन्सिलीच्या कडेनं लाळ हनुवटीवर उतरली. पुसायला हात उचलला तर सर म्हणाले, "हात खाली. पुन्हा."

पुन्हा म्हणाले. पुन्हा पानी. शेवटी सरांनी वर्गाकडं बघून दोन्ही हात वर केले. "चला, पुढं जाऊ या. काही जिभा वळत नाहीत."

जाग्यावर जाता जाता मी पेन्सिल पदराला पुसली आणि जिची होती त्या डॉक्टरीणबाईंना द्यायला गेले. त्यांनी हात मागं घेतला. "राहू दे, राहू दे. तुम्हीच ठेवा."

लिहिताना मला ण येतो. बोलताना येत नाही. आईला येत नव्हता, आजीला येत नव्हता. त्यावाचून आमचं कधी अडलं नव्हतं.

मग मी तिथं गेले कशाला? सांगते.

माझा नवरा वारला तेव्हापासून संध्याकाळ खायला उठायची. नववीत शाळा सुटलेली, लग्नानंतर दहावी केली. वाचायचा नाद होता. लायब्ररीतून पुस्तक आणायचे आणि रात्री भांडी झाली की वाचायचे. पण बोलता येत नव्हतं. कॅन्टीनमध्ये आम्ही बारा-पंधरा बाया. आम्हाला संडास नव्हता. साहेबांकडं जाऊन बोलायचं ठरलं तर सगळ्यांनी मला पुढं केलं, ही वाचती, ही बोलंल. मी साहेबाच्या टेबलापुढं उभी राहिले आणि गळा बंद झाला. एक शब्द फुटला नाही. साहेब म्हणाला, "क्या हुआ, अम्मा?" मी परत आले. बायांनी पुन्हा मला पुढं केलं नाही.

त्या महिन्यात गुलमंडीत कापड घ्यायला गेले होते. दुकानांच्या वरच्या मजल्यावर एका संस्थेची पाटी दिसली. प्रौढांसाठी साहित्य आणि वाचनकला वर्ग. वयाची अट नाही, शिक्षणाची अट नाही. मी जिना चढले आणि नाव घातलं. वर्गात बोलायला शिकवतात असं मला वाटलं.

पहिल्या दिवशी सरांनी प्रत्येकाला नाव-गाव सांगायला लावलं. सर कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक. आवाज असा की ऐकत राहावं. मी वैजापूर तालुक्यातल्या माझ्या गावाचं नाव घेतलं, तशी पुढच्या रांगेतली एक बाई गर्रकन वळली. भारी साडी, गळ्यात मोत्यांची माळ.

"अगं, म्हणजे तू आमच्याच गावची! कुणाची तू?"

मी बापाचं नाव सांगितलं.

"म्हणजे रामाची बहीण! सर, हिचा भाऊ आमच्याकडं बटईनं शेती करतो. हिची आई आमच्याच घरी राबली. ही आमचीच आहे."

ती मालतीताई. आमच्या गावच्या पाटलाची सून. नवरा सरकारी अधिकारी, म्हणून इथं शहरात बंगला. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी असेल. वर्गात सगळ्या एकमेकींना ताई नाही तर मॅडम म्हणायच्या. त्या दिवसापासून मी बाई झाले. मालतीताई मला अगं-तुगं करायची. जात कुणी विचारली नाही. विचारायचं कामच उरलं नव्हतं.

पेन्सिलीनंतर घरी जाऊन जेवले नाही. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेले. लोक म्हणतील, कशाला गेलीस? मला बोलायचं होतं म्हणून गेले. दुसरी जागा ठाऊक नव्हती.

दिवाळीनंतर सरांनी सांगितलं, लहानपणीची एक आठवण सांगा. वाचायची नाही, बोलून सांगायची. कुणी मामाच्या गावची आंबराई सांगितली. कुणी वडिलांची करडी शिस्त सांगितली. मालतीताईनं लग्नातला हत्ती सांगितला. माझी पाळी आली. सांगायचं काहीच ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि किसन निघाला.

किसन माझा धाकटा भाऊ, रामाच्या आधीचा. चार वर्षांचा होता. मी सहाची. पोलीस ॲक्शनच्या साली आईचं लगीन झालं होतं, असं ती सांगायची. निजाम गेला, राज्य बदललं, पुढं आम्ही धर्मही बदलला. गावकीची कामं मात्र गावानं सोडू दिली नाहीत. गावात कुणी पाटलाघरचं मेलं की मौतीचा सांगावा आमच्या माणसांनी गावोगाव पायी न्यायचा. सांगावा पोचून सोयरे आल्याशिवाय मयत उचलायचं नाही अशी रीत. थोरला पाटील मेला त्या दिवशी किसन तापानं फणफणला होता. बाप कामाला नगरकडं गेलेला. घरात पुरुष नाही, म्हणून आईला बोलावणं आलं.

आई म्हणाली, "माझ्या पोराला ताप हाय. मी नाय जानार."

पाटलाचा लेक दारात आला होता. त्यानं गोठ्यातलं दावं आणलं. बैल बांधायचं, दोन पदरी, टोकाला गाठ. आईला घरासमोर त्या दाव्यानं मारलं. मी दारात उभी होते. आई पडली, उठली, पुन्हा म्हणाली नाय जानार, पुन्हा मारलं. मग तिनं डोक्यावर पदर घेतला. मला म्हणाली, "चिंधी भिजवून त्याच्या कपाळावर ठिवत जा. म्या आलेच." आणि गेली.

मी चिंधी भिजवत बसले. माठात बुडवायची, पिळायची, ठेवायची. दुपारी किसन रडायचा थांबला. मला वाटलं, झोपला. मी चिंधी भिजवतच होते. दिवस बुडाल्यावर आई आली. पाय फुटलेले. तिनं त्याच्या अंगाला हात लावला आणि माझा हात धरून ती चिंधी बाजूला ठेवली. तो कधी गेला, मला कळलं नव्हतं.

एवढंच सांगितलं. पाटलाचं नाव घेतलं नाही, गाव सांगितलं नाही. पण मालतीताईला कळलं. तो पाटलाचा लेक म्हणजे तिचा सासरा. ती पायाच्या अंगठ्याकडं बघत बसली.

सरांचे डोळे भरले होते. उठून माझ्यासमोर आले. "बाई, हे सोनं आहे. पण सोनं घडवावं लागतं. मी लिहून काढू का? वर्गाच्या समारोपाला आपण हेच सादर करू. अनुभव तुमचा, शब्द माझे."

मी व्हय म्हणाले. मला बरं वाटलं होतं. त्या खोलीत पहिल्यांदा माझं कुणी ऐकलं होतं.

तीन आठवड्यांनी सरांनी संहिता वाचून दाखवली. नाव ठेवलं होतं 'इमान'.

सरांचा आवाज चढत होता, उतरत होता. मी ऐकत होते. त्यात एक गरीब बाई होती. तिचा धनी देवमाणूस. धनी मरतो. त्याच दिवशी बाईचं लेकरू आजारी. धन्याचा मुलगा म्हणतो, तू जाऊ नकोस, लेकराजवळ थांब. बाई म्हणते, "नाही धाकटं मालक. धन्याचं मीठ खाल्लंय. आधी इमान, मग लेकरू." आणि जाते. परत येते तर लेकरू गेलेलं. धन्याचा मुलगा तिच्या पायाशी बसून रडतो.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मालतीताईनं रुमाल डोळ्याला लावला.

मी म्हणाले, "सर, आई असं नाय म्हनली. ती नाय म्हनली व्हती. तिला मारलं."

"ते भडक होतं, बाई."

"आन् पोरगी? पोरगी कुठंय?"

"पात्रं वाढतात. नाटकाला एकच दुःख पुरतं."

"पन सर, हे खोटं हाय."

सर हसले. समजूतदार हसू. "बाई, ही कला आहे. फिर्याद नव्हे."

आईचं काम मालतीताईला दिलं. मला विचारायचा प्रश्नच नव्हता. सर म्हणाले, तुमचा आवाज स्टेजवर टिकायचा नाही, पण तुमची बोली अस्सल आहे, ती मालतीताईंना शिकवा. तालमीला मला कोपऱ्यात स्टूल दिलं. मालतीताई उभी राहून वाक्य म्हणायची, मी चुकलं की सांगायचं.

एका तालमीत तिचं वाक्य होतं, लेकराला पाणी पाजा. ती म्हणाली, "पाणी." सरांनी टाळी वाजवून थांबवलं.

"नाही, नाही! ताई, पाणी नाही. पानी. बाईंकडं बघा. बाई, म्हणून दाखवा."

मी स्टुलाची कड धरली.

"म्हणा की. पानी."

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. आता कुणी हसत नव्हतं. डॉक्टरीणबाई तर कौतुकानं बघत होत्या. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. डोक्यात काहीतरी लख्ख झालं. माझ्या तोंडात ते घाण होतं. तिच्या तोंडात ती कला होणार होती. शब्द तोच. माझी जीभ त्यांना नको होती, जिभेवरचं तेवढं हवं होतं. माझ्या आईचं मरण-जगणं तसंच. आई नको, आईचं सोंग पाहिजे.

मी म्हणाले, "मला येत नाय, सर." आणि स्टुलावरून उठून घरी आले. त्यानंतर तालमीला गेले नाही.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी कॅन्टीनच्या फोनवर रामाचा फोन आला. "आक्का, मालतीबाईनं जीप पाठवलीया. आयेला घिऊन चाललेत. सत्कार हाय म्हनं. साडी देनार हायेत."

"तू जाऊ कसं दिलंस?"

"आक्का, त्यांच्याच रानात हाय मी. नाय कसं म्हनू?"

मी कॅन्टीनमधून तशीच निघाले. संस्थेच्या हॉलला पोचले तेव्हा आई पहिल्या रांगेत बसली होती. सत्तरीची बाई. खुर्चीत पाय अधांतरी. तिच्या एका बाजूला कुणी पाहुणे, दुसऱ्या बाजूला रिकामी खुर्ची. मी जाऊन तिथं बसले. स्वयंसेवक म्हणाला, ही राखीव आहे. मी म्हणाले, व्हय, माझ्यासाठीच.

आईला कमी ऐकू यायचं. मी तिला काही सांगायच्या आत पडदा उघडला.

मालतीताई विटकं लुगडं नेसून आली. केस विस्कटलेले. चेहऱ्याला काळं लावलेलं. हो, काळं लावलं होतं. आम्ही दिसतो तशी दिसावी म्हणून. ती वाकून चालत होती. आई तशी कधीच चालली नाही. शेणाची पाटी डोक्यावर असली तरी आईची पाठ ताठ असायची.

आई बघत होती. मग तिनं मला ढोसलं. कमी ऐकणाऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो. पुऱ्या हॉलला ऐकू गेलं.

"ही बाई कुनाचं सोंग करतीया गं?"

"तुझं, आये."

"माझं?" ती पुढं वाकली. थोडा वेळ बघितलं. "मंग दावं कुठं हाय? मारनारा कुठं हाय?"

मागून कुणीतरी शूऽऽ केलं. स्टेजवर मालतीताई अडखळली. विंगेतून सरांनी वाक्य पुरवलं. तिनं छातीवर हात ठेवला. "नाही धाकटं मालक. धन्याचं मीठ..."

मी उभी राहिले.

कशी राहिले, मला सांगता येत नाही. साहेबाच्या टेबलापुढं बंद झाला होता तसाच गळा बंद होऊ लागला होता. पण आई माझ्याकडं बघत होती.

"थांबा," मी म्हणाले. आवाज फाटला. फाटक्या आवाजातच बोलले. "हे खोटं हाय. माझी आई इमानानं नाय गेली. ती नाय म्हनली व्हती. तिला दाव्यानं मारून पाठवलं. मारनारे ह्या बाईचे सासरे. आन् मेलेल्या भावाच्या कपाळावर चिंधी ठिवत बसलेली पोरगी, ती मी व्हय. मला ह्या नाटकातून काढून टाकलंय."

मग सर विंगेतून बाहेर आले. "बाई, खाली बसा. तुम्ही प्रयोगाचा अपमान करताय."

मालतीताई ओरडली. "खोटं बोलतीया ती! माझ्या सासऱ्यानं मुंगीला कधी पाय लावला नाय! आमच्या जिवावर जगली ही मान्सं, आन् आमालाच..." पुऱ्या प्रयोगात तेवढीच वाक्यं तिला शिकवावी लागली नाहीत.

दोन पोरांनी माझे दंड धरले. एकानं आईचा हात धरला. आई म्हणाली, "सोड. मला चालता येतं." हॉल भरलेला होता. वर्गातले सगळे होते, इंजिनिअर, बँकेतले साहेब. एकही जण उठला नाही. मी प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत बाहेर आले. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. आमच्यामागं दार लागलं आणि आतून संगीत सुरू झालं. प्रयोग पुढं चालू झाला.

खाली गुलमंडीत दुकानांचे दिवे लागले होते. आई एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "म्या नाय म्हनले व्हते, हे तुझ्या बापाला सुदीक खरं वाटलं नव्हतं." थोड्या वेळानं म्हणाली, "आता रामाचं काय?"

रामाचं व्हायचं तेच झालं. आठ दिवसांत पाटलानं बटई मोडली. हरभरा पेरलेला होता, निंदणी झालेली होती. रानात पाय ठेवायचा नाही, असा हुकूम आला. रामा माझ्या दारात आला, चप्पल न काढता उभा राहिला.

"तुझं बोलून झालं, आक्का. माझी चूल विझली. जाऊन पाया पड त्यांच्या."

"नाय पडनार."

"मंग मला भन नाय," म्हणाला आणि गेला. पोरं-बायको घेऊन वाळूजला कंपनीत लेबर म्हणून लागला. आई माझ्याकडं राहिली. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात गेली. रामा मातीला आला, माझ्याशी बोलला नाही, निघून गेला. माझ्याच वस्तीतली माणसं म्हणाली, काय मिळवलंस? काही मिळालं नाही.

'इमान'ला मात्र मिळालं. स्पर्धेत बक्षीस मिळालं. पेपरात मालतीताईचा फोटो आला. मातीतला अस्सल अभिनय, असं लिहिलं होतं. मग ठिकठिकाणी प्रयोग लागले.

जिथं कळतं तिथं मी जाते. जालन्याला गेले. तिकीट काढून बसले, ते वाक्य आलं, उठले, बोलले. बाहेर काढलं. परभणीला गेले. तिथं प्रयोग संपेपर्यंत चौकीत बसवून ठेवलं. शिपायानं विचारलं, "बाई, तुला त्रास काय आहे?" मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. किसनपासून. त्यानं ऐकून घेतलं आणि मान फिरवली. आता गळा बंद होत नाही. आवाज अजून फाटतो. फाटू दे. ण येत नाही. यायची गरज नाही. शिकवणाऱ्यांनी काय शिकवलं, ते मी बघितलंय.

काल रामा आला होता. इतक्या वर्षांनी. केस पांढरे झालेत. रविवारी वैजापूरला प्रयोग आहे, हे त्याला गावाकडून कळलं होतं. पाटलाचं पुरं घर तिथं येणार. म्हातारा सासरासुद्धा येणार, खुर्चीत बसवून आणणार आहेत.

"आक्का, जाऊ नगंस. तिथं समदे त्यांचेच हायेत. मारतील तुला. आन् गावात अजून आपली चार घरं हायेत. त्यांची रानं बी त्यांच्याच हातात हायेत. माझी गेली तशी त्यांची जातील."

मी त्याच्यासमोर भाकर ठेवली. शेजारी बसले.

"रामा, तुझी बटई माझ्या बोलन्यानं नाय गेली. त्यांच्या हातात व्हती म्हनून गेली. मी गप बसले असते तर दुसऱ्या कशानं गेली असती. त्या चार घरांना मी आधी जाऊन सांगनार हाय. त्यांनी ठरवायचं काय ते ठरवावं. पन किसन माझ्या हाताखाली मेलाय. त्याचा सांगावा आजवर कुनी कुनाला दिला नाय. म्हातारा जित्ता हाय तवर त्याच्या तोंडावर मी तो देनार."

रामानं भाकरीचा तुकडा मोडला आणि पुन्हा ताटात ठेवला.

"मी रविवारी जानार," मी म्हणाले. "तू येऊ नगंस. आलास तर माझ्या शेजारी बस. मागं बसू नगंस."